अष्टपुत्रांचा आशीर्वाद



इतिहासाच्या व्याख्यानाला हळदीकुंकवापासून आरंभ करणे शोभत नाही असे कोणी म्हणेल. परंतु आजचा विषय मुळात घरातला आहे, आणि घरातला इतिहास दप्तरखान्यात क्वचितच सापडतो. म्हणून गेल्या चैत्रातील एक प्रसंग आधी सांगतो.

पाषाणच्या पुढे सूसखिंड ओलांडली की सूस लागते. मुळशी तालुक्यातले हे गाव 2021 च्या जूनअखेर पुणे महानगरपालिकेत आले. पण त्याच्या पुष्कळ आधी महामार्गाने आणि इमारतींनी ते पुण्याचे करून टाकले होते. भाताची खाचरे होती तेथे आता दहा-दहा, बारा-बारा मजले उभे आहेत, आणि ते मजले बांधणारी माणसे त्यांच्याच पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहतात. तेथल्या एका गृहसंस्थेत, आमच्या नात्यातल्या घरी, चैत्रगौर बसली होती. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे, सारे यथास्थित होते. त्या घरी धुणेभांडी करणारी बाई मराठवाड्याकडची. नवरा शेजारच्याच बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला. यजमानीणबाई मनाने चांगल्या. त्यांनी तिलाही पाटावर बसवले, कुंकू लावले, हरभऱ्यांनी आणि नारळाने तिची ओटी भरली. ओटी भरली जात असता एका वृद्ध बाईंनी सहज विचारले, "किती मुलं गं तुला?" ती म्हणाली, "चार. तीन पोरी, अन् धाकटा पोरगा."

ती उठून गेली आणि मग बोलणे सुरू झाले. खायला नाही तरी ह्यांना थांबता येत नाही. कर आपण भरायचा आणि सवलती ह्यांनी घ्यायच्या. लाज म्हणून काही नाही. शेवटी त्या वृद्ध बाई म्हणाल्या, देवाने पोरे दिली त्याबरोबर थोडी अक्कलही द्यायला हवी होती. त्याच बाईंनी अर्ध्या तासापूर्वी त्या घरच्या नव्या सुनेला, ती वाकून नमस्कार करीत असता, 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' असा तोंडभर आशीर्वाद दिला होता. आम्ही बाजूच्या खोलीत पन्हे पीत बसलो होतो. आम्हांला दोन्ही ऐकू आले, आणि आम्हीही काही बोललो नाही.

हा विसंवाद त्या एका बाईंचा असता तर त्याचे व्याख्यान करण्याचे कारण नव्हते. तो आपल्या समाजाचा आहे आणि चांगला जुना आहे. मूल हवे म्हणून देवाधर्माचा तगादा लावायचा, मूल न होऊ देण्याचे साधन मागितले तर धर्म बुडाला म्हणून ओरडायचे, आणि मुले झाली की गरिबालाच नावे ठेवायची: ही तीन कामे एकाच तोंडाने होत आली आहेत. ती कशी, हे आजच्या तासाभरात पाहू.

ओटी हा काय विधी आहे? धान्य आणि नारळ बाईच्या पदरात घालायचे, ते तिची कूस भरावी म्हणून. त्याचा अर्थ आज कोणी मनात आणीत नसेल, पण विधी बोलतो तो तेवढेच बोलतो. शास्त्रे तर अधिक स्पष्ट बोलतात. माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो, त्यांतले पितृऋण पुत्राने फिटते. 'पुत्र' या शब्दाची फोडच मुळी पुत् नावाच्या नरकातून तारणारा अशी करून ठेवली आहे. ऋतुकाली पत्नीकडे न जाणाऱ्याला भ्रूणहत्येचे पाप सांगणारी स्मृतिवचने आहेत. येथे एक गंमत अशी की मनूने नवव्या अध्यायात पितृऋण फेडणारा ज्येष्ठ पुत्र तेवढा धर्मापासून झालेला, बाकीचे कामापासून झालेले, असेही म्हणून ठेवले आहे. म्हणजे मनूच्या हिशेबाने एकाने काम भागते! पण आशीर्वाद देताना आपण मनूकडे गेलो नाही. आठांचा आकडा आपण धरून ठेवला. आणि एकही न झाले तर? जोतीराव फुल्यांना मूल नव्हते, तेव्हा दुसरे लग्न करा म्हणून आप्तांनी त्यांच्यामागे लकडा लावला होता. सावित्रीबाईंवर सवत आणण्यास त्यांनी नकार दिला. असा नकार देणारे नवरे त्या काळी किती असतील?

मुलगाच हवा हा या साऱ्यातला खरा आकडा होय. आठ हे आशीर्वादात. व्यवहारात एक मुलगा जगला पाहिजे ही अट. त्या एकासाठी किती बाळंतपणे करावी लागतील हे नशिबावर.

आता आपल्या संतांच्या घरांकडे वळू. पंढरपुरास महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. तिच्यावर पाय पडू नये म्हणून वारकरी जपतो. त्या पायरीखाली कोण आहे? परंपरा सांगते त्याप्रमाणे नामदेवांनी 1350 साली तेथे समाधी घेतली ती एकट्याने नव्हे, घरच्या माणसांसह. आणि ते घर केवढे! वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे, चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई आणि दासी जनी. नामदेव धरून पंधरा तोंडे, आणि धंदा शिंप्याचा, त्यातही घरधनी दुकानी कमी आणि देवळात जास्त. सुनांपैकी लाडाई तेवढी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती म्हणून मागे राहिली, असे सांगतात. गोणाईच्या आणि राजाईच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत देवाची स्तुती कमी आणि घरात दाणा नाही ही तक्रार जास्त आहे. राजाई ती तक्रार रखुमाईकडे नेते, बाई बाईकडे नेईल तशी.

म्हणजे ज्या घराला सूसच्या त्या दिवाणखान्यात 'परवडत नव्हते तर एवढी माणसे कशाला' म्हणून विचारले गेले असते, त्याच घरावर आपण मस्तक ठेवतो. सातशे वर्षे उलटली की दारिद्र्य पवित्र होते. शेजारच्या पत्र्याच्या खोलीतले मात्र होत नाही.

देहू सूसपासून फार लांब नाही. तेथे तुकोबांचे घर. 1629-30 च्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू ही दोघे गेली. दुसरी जिजाबाई, जिला आपण आवली म्हणतो, तिला सहा मुले: काशी, भागीरथी, गंगा या मुली आणि महादेव, विठोबा, नारायण हे मुलगे. त्यांतला नारायण तर तुकोबा गेल्यावर जन्मला. दिवाळे निघालेल्या घरात सहा मुले वाढवणाऱ्या या बाईला कीर्तनकारांनी काय केले? कजाग केले. ती विठ्ठलाला शिव्या देते तेव्हा श्रोते हसतात. आम्हीही लहानपणी हसलो आहोत. तुकोबांच्या वैराग्याची किंमत तिने मोजली हे समजायला पुढे स्वतःचा संसार करावा लागला.

याच जातीचा आणखी एक अनुभव सांगतो. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. कर्जात बुडालेले घर, भावंडांचा गोतावळा, आईची बाळंतपणे आणि आजारपणे हे त्या पुस्तकाचे जग आहे. ते वाचून डोळे भरून आले नाहीत असा मराठी माणूस विरळा. त्या आईला किती मुले होती म्हणून कोणी नाक मुरडल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि मुरडूही नये. आमचे म्हणणे एवढेच की आपल्यासारख्यांच्या घरातल्या गरिबीला आपण संस्कार म्हणतो आणि दुसऱ्याच्या घरातल्या गरिबीला बेजबाबदारपणा.

हा दुसरा शब्द आपल्याकडे कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. गरिबाच्या दारिद्र्याचे कारण गरिबाची मुले, हा विचार आपल्या जुन्या धर्मशास्त्रात फारसा नाही. तो विलायतेहून आला आणि त्याचा प्रवर्तक एक पाद्री होता. थॉमस माल्थसने 1798 साली आपला लोकसंख्येवरचा निबंध प्रसिद्ध केला. 1803 च्या आवृत्तीत तर त्याने असे लिहिले की, ज्याला आईबाप पोसू शकत नाहीत व ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही त्याच्यासाठी निसर्गाच्या पंगतीत पान मांडलेले नाही. पुढे हा मजकूर त्याने काढून टाकला, पण तो विसरला गेला नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की 1805 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1834 पर्यंत, हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील विद्यालयात शिकवत होता. हिंदुस्थानात कलेक्टर होऊन येणारी मुले त्याच्या हाताखालून येत होती.

1876 ते 78 चा दुष्काळ दख्खनवर आला तेव्हा हा विचार राज्यकर्त्यांच्या अंगी मुरलेला होता. येथील लोक धान्यापेक्षा वेगाने वाढतात, असे व्हाइसरॉय लिटनने जाहीरपणे बोलून दाखवले. दुष्काळी कामावरची मजुरी कमी करण्याचा हुकूम निघाला, ती रोजी एक पौंड धान्याच्या मापावर आणली गेली, तेव्हा 1877 च्या आरंभी आपल्या प्रांतातल्या मजुरांनी खडी फोडायचे नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. खडी फोडणाऱ्यांत बायका होत्या, त्यांच्या पदराला मुले होती. लिटनने मुले मोजली, मजुरांनी दाणे.

गरिबाच्या घरी मुले जास्त का, या प्रश्नाला माल्थस अविचार हे उत्तर देतो. आमच्या मुळशीच्या बाजूचा शेतकरी निराळे उत्तर देईल. मावळात भाताची शेती. आवण लावायला, गुरे वळायला, रानातून लाकूडफाटा आणायला माणूस लागते, आणि सहा-सात वर्षांचे पोर तेथे अर्धे माणूस धरले जाते. थोरला झाला की मुंबईस गेला: गिरणीत, गोदीत, हमालीवर, डबे पोचवण्यावर. मुळशी-मावळातल्या कित्येक घरांची चूल त्याच्या मनिऑर्डरीवर पेटली. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यात पडले. जमीन गेली ती गेलीच. जमीन गेल्यावर माणसाजवळ दोन हात उरतात आणि मुलांचे असतील तेवढे हात. म्हातारपणी पेन्शन देणारी कचेरी मावळ्याला ठाऊक नव्हती.

आणि झालेली मुले जगत होती काय? त्याच 1921 सालच्या मुंबई शहराच्या नोंदींत, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांतून हजार जन्मांमागे आठशेंवर अर्भकमृत्यू दाखवले आहेत. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत तोच आकडा एकशेतीसच्या आसपास आहे. पहिला आकडा थोडा फुगलेला आहे हे कबूल केले पाहिजे, कारण बाया बाळंतपणाला गावी जात, जन्म तेथे नोंदला जाई, आणि मूल मुंबईच्या खोलीत मरे. पण फुगवटा काढून टाकला तरी जे उरते ते भयंकर आहे. ज्या घरात निम्मी मुले जाणार हे आईला पक्के माहीत असते, तिथे दोनावर थांबणे हा शहाणपणा नव्हे, ती जुगारातली हार.

1921 या सालाचा तिसरा दाखलाही याच विषयाचा आहे. त्या वर्षी रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना काढला तोही त्याच वर्षी. रघुनाथराव अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांची आई राधाबाई 1891 साली बाळंतपणात वारली, वय सत्तावीस. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचे वय दहाचे बारा करण्यासाठी, आणि गर्भाधानाचा विधी बुडतो म्हणून पुण्यात केवढे रण माजले होते! बारा वर्षांच्या मुलीच्या गर्भाधानासाठी धर्म जितका जागा होता तितका बाळंतपणात मरणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या बाईसाठी जागा झाल्याचे इतिहासात दिसत नाही.

रघुनाथराव विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. कॉलेज ख्रिस्ती मिशनचे. हा प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा असा पेच आला तेव्हा 1925 साली त्यांनी नोकरी सोडली. हिंदू सनातन्यांना आणि ख्रिस्ती पाद्र्यांना एका बाकावर बसवणारा विषय एवढाच असावा! 1927 च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. तोटा सोसला, खटले सोसले. 1931 साली अश्लीलतेच्या आरोपावरून दंड झाला, 1934 साली पुन्हा. दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला. रघुनाथरावांची पत्नी मालतीबाई या साऱ्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या; दोघांनी स्वतःला मूल होऊ दिले नाही. रघुनाथरावांच्या सगळ्याच मतांशी आम्ही सहमत नाही, त्यांची भाषा पुष्कळदा उगाच बोचरी असे. पण आपण जे लोकांना सांगतो ते स्वतः आचरले, आणि गरिबाला हिणवण्याऐवजी त्याच्या हाती साधन दिले, अशी माणसे त्या काळात आम्हांला बोटांवर मोजण्याइतकीच दिसतात.

दुसऱ्या टोकाला गांधीजी. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मार्गारेट सँगरबाई वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या. साधनांना त्यांचा विरोध कायम राहिला. संयम हाच मार्ग, असे त्यांचे मत. त्यांना दांभिक म्हणण्याची आमची छाती नाही, कारण जे व्रत सांगितले ते त्यांनी पाळले. परंतु आश्रमातला संयम आणि परळच्या खोलीतला संयम यांत अंतर आहे. त्या खोलीत 'नाही' म्हणण्याचा अधिकार बाईला नव्हता, आणि संयमाचा उपदेश ऐकायला नवरा घरी नव्हता. गांधीजींच्या मागे लपून संयमाची भाषा बोलणारे जे इतर होते त्यांच्याविषयी न बोललेले बरे.

बाबासाहेबांचा उल्लेख वर आला. ते स्वतः रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. चौदांपैकी तीन मुलगे आणि दोन मुली तेवढ्या मोठ्या झाल्या. भीमाबाई, बाबासाहेब जेमतेम पाच वर्षांचे असताना गेल्या. बाबासाहेबांना पुढे पाच मुले झाली, त्यांतला एक यशवंत वाचला. 'चौदावे रत्न' असे म्हणून कित्येक वक्ते येथे टाळी घेतात. चौदाव्याचे कौतुक करताना न वाचलेल्या नऊ मुलांची आठवण कोणी काढत नाही, ती बाबासाहेबांना असावी. कारण 1938 साली मुंबई विधानसभेत त्यांच्या पक्षाने ठराव आणला: सरकारने सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोराने प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी कराव्यात. बाबासाहेब त्या दिवशी सभागृहात येऊ शकले नाहीत. 10 नोव्हेंबरला त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी तो मांडला. या ठरावात गरिबाला शिक्षा नव्हती, अपात्रता नव्हती. सोय मागितली होती, तीही गरिबांच्या प्रतिनिधींनी. मते पडली बाजूने 11, विरुद्ध 52.

श्रोतेहो, हे दोन आकडे लक्षात ठेवा. कारण पुढे अडतीसच वर्षांनी, 1976 साली, याच मुंबईत महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. न ऐकेल त्याला तुरुंग. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. दरम्यान 1952 पासून कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला होता, आणि शकुंतलाबाई परांजप्यांसारख्या बायका गावोगाव हिंडून, समजावून, हे काम करीत होत्या. समजावण्याचा कंटाळा आला की माणसे धरायला लागतात. आणीबाणीत बार्शीस रस्त्यावरून माणसे उचलून शस्त्रक्रियेसाठी नेल्याच्या हकिकती छापून आल्या. उचलली गेलेली माणसे मोटारीतून हिंडणारी नव्हती हे सांगायला नको. जे साधन 1938 मध्ये मागूनही मिळाले नाही ते 1976 मध्ये दंडुक्याने देऊ केले. आणि दोन्ही वेळी बोलणाऱ्यांचा सूर तोच होता, आम्ही तुमच्या भल्यासाठी सांगतो.

यानंतरचा कायदा सूससारख्या गावाला अधिक जवळचा. सप्टेंबर 2001 नंतर ज्याच्या घरी दोनांवर आणखी अपत्य आले त्याला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांची निवडणूक बंद झाली. 2005 साली सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आले. हरियाणाच्या तशाच कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली उचलून धरले. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण हा नियम गावच्या पंचाला लागला, आमदाराला आणि खासदाराला लागला नाही! ज्यांनी कायदा केला ते त्याच्या बाहेर, आणि ज्या बाईला राखीव जागेमुळे कोठे नुकती खुर्ची मिळाली होती ती त्याच्या आत. तिसरे मूल व्हावे की न व्हावे हे त्या बाईने ठरवले होते काय, असा प्रश्न कायद्यात कोठेही नाही.

आता वारा पुन्हा फिरला आहे. आंध्रने 2024 साली आपला तसा नियम रद्द केला, आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या व्यासपीठांवरून अधिक मुले होऊ द्या असे पुन्हा ऐकू येऊ लागले आहे. शेजारच्या धर्माची वाढतात म्हणून आपली वाढवा, असा त्याचा मथितार्थ. आकडे पाहिले तर सर्वच धर्मांच्या घरांत मुलांची संख्या उतरत चालली आहे. पण व्यासपीठाला आकड्यांचे काय! ज्यांच्या घरी एक किंवा दोन मुले आहेत आणि ती परदेशी शिकतात, ते लोक हा उपदेश करतात व ऐकतात. तो अमलात कोणी आणायचा, हे ठरलेलेच आहे.

वस्तुतः महाराष्ट्रात काय घडले? 1992-93 च्या राष्ट्रीय पाहणीत बाईमागे सरासरी जवळजवळ तीन मुले होती; 2019-21 च्या पाहणीत ती 1.7 वर आली. अर्भकमृत्यू 2020 साली हजारी 16 पर्यंत उतरले होते. मुले जगू लागली, मुली शाळेत जाऊ लागल्या, दवाखाना जवळ आला, आणि गरीब घरांनीही हिशेब बदलला, कोणाच्या शिव्यांशिवाय. थोडी मुले असावीत असे आमचे स्वतःचे मत आहे, ते बाईच्या प्रकृतीसाठी आहे. पण त्या पाहणीतला आणखी एक आकडा कोणी व्यासपीठावरून सांगत नाही. राज्यातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांनी नसबंदी करून घेतली आहे. त्यांच्या नवऱ्यांपैकी शंभरात एकानेही नाही.

सूसच्या त्या बाईची उरलेली हकिकत आम्हांला पुढे यजमानीणबाईंकडून कळली. दुसऱ्या मुलीनंतर ती स्वतः म्हणाली होती की आता ऑपरेशन करून टाकू. सासूने तुळजापूरच्या देवीला मुलासाठी नवस बोललेला होता. नवस फिटल्याशिवाय ऑपरेशन नाही असे घरात ठरले. गावचे देवऋषी, दीर, नवरा सगळ्यांचे एकमत पडले, तिला विचारायचे राहिले. मग तिसरी मुलगी झाली. चौथ्या खेपेस मुलगा झाला, नवस फिटला, आणि त्यानंतर तिचे ऑपरेशन झाले. आठवड्याभराने ती पुन्हा विटा उचलत होती. नवऱ्याने का करून घेतले नाही, असे यजमानीणबाईंनी विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बाप्या माणसाला कुठं सांगता येतं, ताई?"

हे सारे तिने दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सांगितले. ओटीतल्या हरभऱ्यांची तिने रात्री उसळ केली होती. चौघांना पुरली, म्हणाली.